जंतुनाशकांची परीक्षा : एका नेहमीच्या प्रयोगाचे परीक्षण

तालुका पातळीवरच्या एका विज्ञान प्रदर्शनात आम्ही परीक्षक म्हणून गेलो होतो. आठवीतल्या दोन मुलींनी मांडलेल्या प्रयोगाचे नाव होते ‘घरातील सर्वांत प्रभावी जंतुनाशक कोणते?’ दाराची कडी, पाण्याच्या पिंपावरचे ओगराळे, मोबाइल फोन आणि भांडी पुसायचा फडका अशा रोजच्या वस्तूंवरून ओला कापूस फिरवून त्यांनी तो आगर घातलेल्या बशांत टेकवला होता. मग टिपकागदाच्या चकत्या वेगवेगळ्या द्रवांत बुडवून त्यावर ठेवल्या होत्या. दोन दिवसांनी बशीत जिवाणूंचा पांढुरका थर आला. काही चकत्यांभोवती मात्र थर नसलेले स्वच्छ कडे दिसत होते. मुलींनी पट्टीने त्या कड्यांची रुंदी मोजली होती आणि तक्ता केला होता. जखमेवर लावायचा पिवळसर द्रव पहिला, फरशी पुसायचा द्रव दुसरा, ब्लीचिंग पावडरचे पाणी तिसरे. स्पिरिट शून्य. साबण शून्य.

तक्त्याखाली लाल शाईने निष्कर्ष होता : ‘साबणाने जंतू मरत नाहीत. म्हणून हात धुण्यासाठी साबणाऐवजी जंतुनाशक द्रव वापरावा.’

काम मनापासून केलेले होते. एक चकती नुसत्या पाण्यात बुडवलेली होती, प्रत्येक द्रवासाठी तीन-तीन बशा होत्या, नोंदवही नीटनेटकी होती. प्रयोगाला बक्षीस मिळाले आणि गुणपत्रिकेवर आम्हीही सही केली. नंतर मात्र ते लाल शाईतले वाक्य आमचा पिच्छा सोडीना. कारण ते चुकीचे आहे, आणि त्या मुलींनी घरी जाऊन ते खरे मानले तर त्यातून नुकसान होईल. हाच प्रयोग थोड्याफार फरकाने अनेक प्रदर्शनांत पाहायला मिळतो. म्हणून त्या दिवशी जे परीक्षण आम्ही करायला हवे होते, ते येथे करीत आहोत.

कड्याने काय मोजले जाते?

चकतीतला द्रव आगरमध्ये हळूहळू पसरतो. चकतीजवळ त्याची तीव्रता जास्त आणि दूर जावे तशी कमी. जेथे ती जिवाणूंची वाढ रोखण्याइतकी असते तेथपर्यंत स्वच्छ कडे दिसते. म्हणजे कड्याची रुंदी दोन गोष्टींवर अवलंबून असते : द्रव जिवाणूंना किती बाधतो आणि तो आगरमध्ये किती सहज पसरतो. मुलींनी दुसरी गोष्ट लक्षातच घेतली नाही. त्यांच्या शिक्षकांनीही घेतली नाही, आणि आम्हीही नाही.

आता तक्ता पुन्हा पाहू या. स्पिरिटला शून्य का मिळाले? पाण्यात सुमारे ७० टक्के अल्कोहोल असलेले मिश्रण बहुतेक वाढत्या जिवाणूंना मिनिटभरात मारते. (अगदी शुद्ध अल्कोहोल त्या मानाने कमी पडते, कारण प्रथिने विस्कटण्यासाठी पाणीही लागते. वरच्या वर्गातील मुलांना हे आवर्जून सांगावे.) पण चकतीवरचे अल्कोहोल थोड्याच वेळात उडून जाते. बशीत थर वाढायला लागतो तेव्हा तेथे ते नसतेच. ब्लीचिंग पावडरच्या पाण्यातील क्लोरिन आगरमधल्या पोषक द्रव्यांशीच संयोग पावून खर्ची पडतो, त्यामुळे त्याचेही कडे लहान दिसते. याउलट एखादे सौम्य रसायन आगरमध्ये सहज पसरणारे असेल, तर त्याचे कडे रुंद येईल.

एकाच जिवाणूवर निरनिराळ्या प्रतिजैविकांची चाचणी घेताना ही पद्धत रुग्णालयांत वापरतात, पण तेथे चकतीतील औषधाचे प्रमाण, आगरची जाडी आणि जिवाणूंची संख्या ही सारी ठरवून दिलेली असतात. शिवाय कड्याची रुंदी त्याच औषधाच्या ठरीव कोष्टकाशी ताडून पाहतात. एका औषधाचे कडे दुसऱ्यापेक्षा मोठे म्हणून ते अधिक चांगले, असे तेथेही कोणी म्हणत नाही.

रोखणे आणि मारणे

दुसरा दोष अधिक खोल आहे. स्वच्छ कड्यात जिवाणू वाढले नाहीत एवढेच आपल्याला दिसते. ते मेले असे त्यावरून म्हणता येत नाही. रसायन आजूबाजूला आहे तोवर ते निपचित पडून राहिले असतील आणि रसायन निघून गेल्यावर पुन्हा वाढू लागतील.

या फरकाने मोठ्या मोठ्यांना चकवले आहे. रॉबर्ट कॉख याने १८८१ मध्ये जंतुनाशकांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. अँथ्रॅक्स या रोगाचे बीजाणू त्याने रेशमी धाग्यांवर वाळवले, धागे निरनिराळ्या रसायनांत बुडवले आणि मग पोषक माध्यमावर ठेवून वाढ होते का ते पाहिले. मर्क्युरिक क्लोराइड या पाऱ्याच्या क्षाराची कामगिरी फारच सरस ठरली. अगदी विरल द्रावणात काही मिनिटे बुडवलेल्या धाग्यांवरही वाढ दिसेना.

१८८९ मध्ये युलियुस गेपर्ट याने शंका घेतली. धागा धुतला तरी पाऱ्याचा थोडा अंश बीजाणूंना चिकटून पोषक माध्यमापर्यंत जात असेल, आणि तोच वाढ रोखत असेल तर? त्याने अमोनियम सल्फाइड घालून पारा सल्फाइडच्या रूपात बाहेर काढला. तो निष्प्रभ झाल्यावर, मेले म्हणून समजलेले बीजाणू वाढू लागले. पाऱ्याच्या क्षाराची ताकद पुष्कळच फुगवून सांगितली गेली होती.

तेव्हापासून जंतुनाशकाच्या प्रत्येक गंभीर चाचणीत एक पायरी अनिवार्य झाली : ठरावीक वेळ संपताच रसायनाचे काम थांबवायचे आणि मगच जिवाणू जिवंत आहेत का ते पाहायचे. क्लोरिनसाठी सोडियम थायोसल्फेट चालते, म्हणजे छायाचित्रकारांचा ‘हायपो’, जो शाळेच्या प्रयोगशाळेतही असतो. फिनॉल किंवा अल्कोहोलसाठी भरपूर पाण्याने विरल करणेही पुरते. आमच्या पाहण्यातल्या शालेय प्रयोगांत मात्र ही पायरी कधी आढळली नाही.

‘९९.९ टक्के’ या आकड्याचे गणित

मुलींच्या तक्त्याशेजारी बाटल्यांची वेष्टनेही चिकटवलेली होती. ‘९९.९ टक्के जंतू मारते’ हे वाक्य त्यांतल्या तीन वेष्टनांवर होते. हा आकडा खोटा असतो असे आम्ही म्हणत नाही. पण तो अर्धवट असतो. कोणते जंतू, किती वेळात, किती तीव्रतेच्या द्रावणात, स्वच्छ पृष्ठभागावर की मळक्या, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये काम करणाऱ्या हॅरिएट चिक या संशोधिकेने १९०८ मध्ये दाखवून दिले की जिवाणू एकदम मरत नाहीत. दर मिनिटाला, उरलेल्यांपैकी ठरावीक हिस्सा मरतो. किरणोत्सारी मूलद्रव्याच्या ऱ्हासाचा नियम शिकवताना जो आलेख आपण फळ्यावर काढतो, तोच येथेही चालतो.

एक उदाहरण वर्गात करून पाहावे. समजा, एखादा द्रव मिनिटाला ९० टक्के जिवाणू मारतो आणि सुरुवातीला दहा लाख जिवाणू आहेत. एका मिनिटाने एक लाख उरतील, दोन मिनिटांनी दहा हजार आणि तीन मिनिटांनी एक हजार. म्हणजे तीन मिनिटांनी ९९.९ टक्के मेले. पण आपण ओट्यावर द्रव शिंपडून दहा सेकंदांत पुसून टाकतो. याच नियमाने दहा सेकंदांत जेमतेम ३२ टक्के मरतील. बाटली तीच, द्रव तोच. फरक फक्त वेळेचा.

आता उरलेल्या एक हजारांकडे पाहू. भांडी पुसायचा फडका ओला आहे, त्यात अन्नाचे कण आहेत आणि दिवस उन्हाळ्याचे आहेत. अशा अनुकूल स्थितीत काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. दहा वेळा दुप्पट झाले की १०२४ पट. म्हणजे सुमारे तीन तास वीस मिनिटांत फडक्यावर पुन्हा दहा लाख! कोरड्या पितळी कडीवर मात्र ते वाढणार नाहीत. तेथे पाणी नाही आणि खाद्यही नाही. तेव्हा मुलींनी निवडलेल्या चार वस्तूंत खरी काळजी करण्याजोगी वस्तू फडका होती, आणि त्यावरचा उत्तम उपाय म्हणजे धुऊन, पिळून, कडक उन्हात वाळत घालणे. बहुतेकींच्या आया हे रोज करीतच असतात. तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

मळ नावाचा प्रतिस्पर्धी

काळ्या फिनाईलच्या डब्यावर ‘आर. डब्ल्यू. सी.’ अशी अक्षरे आणि पुढे एक आकडा असतो. हा रिडील-वॉकर गुणांक. १९०३ मध्ये सॅम्युएल रिडील आणि एन्स्ली वॉकर यांनी ही पद्धत बसवली. टायफॉइडच्या जिवाणूंना ठरावीक मिनिटांत मारण्यासाठी शुद्ध फिनॉल किती विरल चालते आणि आपला द्रव किती विरल चालतो, यांचे ते गुणोत्तर असते. गुणांक १० असेल तर तो द्रव फिनॉलच्या दहापट विरल करूनही तेवढेच काम करतो. कड्याच्या रुंदीपेक्षा हे माप कितीतरी चांगले, कारण त्यात वेळ आहे आणि मारणेही आहे.

पण ही चाचणी स्वच्छ नळीत होते. मोरी स्वच्छ नळीसारखी नसते. म्हणून हॅरिएट चिक आणि चार्ल्स मार्टिन यांनी १९०८ मध्ये चाचणीत मुद्दाम घाण मिसळली. घाण म्हणजे वाळवलेली विष्ठा! जंतुनाशकाला प्रत्यक्षात ज्या स्थितीत काम करावे लागते, तीच त्यांनी नळीत आणली. सेंद्रिय मळामुळे अनेक जंतुनाशकांची ताकद घसरते. क्लोरिन तर मळावरच खर्च होऊन जातो. म्हणून मोरी आधी घासायची आणि मग ब्लीचिंग पावडर टाकायची. उलट क्रम केला तर पावडर वाया जाते. डबा उघडा ठेवला तर दमट आणि उष्ण हवेत पावडरमधला क्लोरिनही कमी होत जातो. ‘ब्लीचिंग पावडरचे पाणी’ एवढीच नोंद प्रयोगवहीत पुरेशी नाही. डबा कधी उघडला, लिटरला किती ग्रॅम घातली, पाणी केव्हा तयार केले, हेही लिहायला हवे.

आणखी एक गोष्ट. फरशी पुसण्याच्या कित्येक द्रवांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड असते. त्याचा क्रियाशील भाग धनभारित असतो, साबणाचा ऋणभारित. दोन्ही एकत्र आले की एकमेकांना निकामी करतात. साबणाच्या पाण्याने फरशी धुऊन, स्वच्छ पाणी न फिरवता वरून हा द्रव पुसला, तर दोन्ही वस्तूंचे पैसे पाण्यात जातात. दहावीच्या मुलांना आयन समजावून देण्यासाठी याहून चांगले घरगुती उदाहरण शोधावे लागणार नाही.

साबणाला शून्य?

आता मूळ वाक्याकडे वळू. साबणाचे मुख्य काम मारणे नसून सोडवणे हे आहे. हातावरचा तेलकटपणा, त्यात रुतलेला मळ आणि मळातले जंतू तो सुटे करतो, आणि वाहते पाणी ते घेऊन जाते. चकतीच्या प्रयोगात पाणी वाहत नाही, कोणी हात चोळत नाही. मग साबणाला गुण कोठून मिळणार? पोहणाऱ्याची परीक्षा कोरड्या जमिनीवर घेतल्यासारखे झाले.

साबणाची खरी परीक्षा वस्तीत होते, आणि ती झालेली आहे. कराचीतील गरीब वस्त्यांत झालेला एक अभ्यास २००५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. काही कुटुंबांना साधा साबण दिला, काहींना जंतुनाशक मिसळलेला साबण दिला आणि सर्वांना हात धुण्याची सवय लावली. साबण न दिलेल्या वस्त्यांच्या तुलनेत मुलांमधील अतिसाराचे प्रमाण निम्म्याहून कमी झाले आणि न्यूमोनियाचेही निम्म्यावर आले. साध्या आणि जंतुनाशक साबणात म्हणण्याजोगा फरक पडला नाही. पुढे २०१६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ट्रायक्लोसानसह एकोणीस रसायने हात आणि अंग धुण्याच्या घरगुती उत्पादनांत वापरण्यास मनाई केली. साध्या साबण-पाण्यापेक्षा ती अधिक उपयोगी आहेत हे उत्पादकांना दाखवता आले नव्हते.

म्हणजे बशीत शून्य मिळवणारी वडी वस्तीत पहिली आली. आमच्या सहीच्या गुणपत्रिकेने नेमका उलटा धडा दिला होता. जखमेवरचा द्रव साबणाच्या कितीतरी पट महाग असतो. तो परवडत नाही म्हणून एखाद्या घराने ‘नुसत्या साबणाने काय होणार’ असे म्हणून हात धुणेच सोडले तर?

जंतू मेले, रोग गेला का?

जंतुनाशक चांगले असूनही उपाय फसू शकतो, हे मुंबईने पाहिले आहे. १८९६ मध्ये प्लेग आला तेव्हा घरांच्या भिंती, जमिनी आणि गटारे जंतुनाशकांनी धुतली गेली. कॉखने नावाजलेला पाऱ्याचा क्षारही त्यांत होता. लोकांची घरे रिकामी झाली, सामान बाहेर निघाले, पण साथ हटेना. कारण जंतू भिंतीवरून माणसात येत नव्हता. तो उंदरांच्या पिसवांमार्फत येत होता. पॉल-लुई सिमोंद याने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून हे दाखवले, आणि १९०५ पासून मुंबईत झालेल्या प्लेग संशोधनाने ते पक्के केले.

२०२० मध्ये आपणही भाजी, दुधाच्या पिशव्या, वर्तमानपत्रे धूत बसलो. उत्तर प्रदेशात बरेली येथे तर घरी परतणाऱ्या मजुरांच्या अंगावर क्लोरिनयुक्त द्रावण फवारले गेले. तो विषाणू मुख्यतः श्वासावाटे, हवेतून पसरतो हे पुढे स्पष्ट झाले. जंतुनाशक विषाणू मारत नव्हते असे नव्हे. प्रश्नच चुकीच्या जागी विचारला गेला होता. म्हणून मुलांना ‘कोणते जंतुनाशक प्रभावी?’ याच्या आधी ‘हा जंतू माणसापर्यंत कोणत्या वाटेने येतो?’ हे विचारायला शिकवावे.

मग प्रयोग कसा करावा?

पहिली सूचना सुरक्षिततेची. कडी किंवा फडक्यावरून घेतलेल्या कापसातून बशीत काय वाढेल हे कोणालाच सांगता येत नाही. अशा बशा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि पुन्हा उघडू नयेत. त्या ३७ अंशांच्या उबेत ठेवू नयेत, कारण ते आपल्या शरीराचे तापमान आहे आणि रोगजंतूंना तेच मानवते. तोंड, जखम किंवा संडास येथून नमुने घेऊ नयेत. काम संपल्यावर बशा प्रेशर कुकरमध्ये पूर्ण दाबावर वीस मिनिटे शिजवून मगच टाकाव्यात. तो कुकर पुन्हा स्वयंपाकाला नको. आणि दोन जंतुनाशके कधीही एकत्र करू नयेत. ब्लीचिंग पावडरमध्ये संडास साफ करायचे आम्ल पडले तर विषारी क्लोरिन वायू सुटतो.

याहून बरे म्हणजे बेकरीत वापरतात ते यीस्ट घ्यावे. ते जिवाणू नव्हे, कवक आहे, त्यामुळे निष्कर्षही यीस्टपुरताच लिहावा. पण त्याने मारणे आणि रोखणे यांतला फरक शाळेतही दाखवता येतो. अर्ध्या पेला कोमट पाण्यात चमचाभर यीस्ट कालवा. त्यातले ५ मिलिलिटर आणि जंतुनाशक ५ मिलिलिटर एकत्र करा. पाच मिनिटे होताच ते मिश्रण अर्धा लिटर साखरेच्या पाण्यात ओता, म्हणजे जंतुनाशक विरल होऊन त्याचे काम बहुतांशी थांबेल. बाटलीच्या तोंडाला फुगा लावा आणि एक दिवस ठेवा. यीस्ट जिवंत असेल तर साखर आंबून कार्बन डायऑक्साइड तयार होईल आणि फुगा उभा राहील.

शेजारी दोन बाटल्या हव्यातच. एकीत जंतुनाशकाऐवजी नुसते पाणी. दुसरीत साखरेच्या पाण्यात आधी तेवढेच जंतुनाशक ओतून मग ताजे यीस्ट घालायचे. या दुसऱ्या बाटलीतला फुगा फुगला नाही, तर विरल झालेले जंतुनाशकही वाढ रोखत आहे असे समजावे आणि प्रयोग आणखी जास्त पाण्यात पुन्हा करावा. गेपर्टने घेतलेली शंका ती हीच. त्यानंतर वेळ एक मिनिट आणि दहा मिनिटे करून पाहा. मिश्रणात चमचाभर दूध घालून ‘मळ’ आणा. स्पिरिट, फिनाईल आणि क्लोरिनचे पाणी यांचा क्रम बदलतो का ते मुलांना शोधू द्या.

आणि साबण? त्याच्यासाठी वेगळा प्रयोग. तळहाताला तेलात कालवलेली हळद चोळावी. एकाने नुसत्या पाण्याने आणि दुसऱ्याने साबणाने वीस सेकंद हात धुवावेत आणि दोघांनी पांढऱ्या कापडाला पुसावेत. कापड बोलेल.

त्या दोन मुलींच्या शाळेला आम्ही पत्र लिहिले आहे. बक्षीस त्यांचेच आहे, कारण प्रश्न त्यांनी विचारला आणि मापेही प्रामाणिकपणे घेतली. तक्ता त्यांनी खोडू नये. फक्त लाल शाईतले वाक्य काढून तेथे ‘चकतीभोवतीच्या कड्याची रुंदी’ असा मथळा घालावा, एवढीच विनंती आहे. सोबत यीस्टच्या प्रयोगाची कृती पाठवली आहे. पुढच्या प्रदर्शनात असा तक्ता समोर आला तर परीक्षक शिक्षकांनी तीन प्रश्न जरूर विचारावेत : किती वेळात? मेले की थांबले? आणि मळ असताना काय झाले?